न्याहारीनंतरचा प्रश्न

योहानाच्या शुभवर्तमानाच्या अगदी शेवटच्या अध्यायात एक आकडा आहे, आणि त्या आकड्याशी माझी जुनी मैत्री आहे. १५३. प्रसंग असा, की ज्याला डोळ्यांदेखत पुरलं तो प्रभू कबरेतून उठला आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात तो तिबिर्याच्या समुद्राकाठी येऊन उभा आहे. रात्रभर रिकामं जाळं ओढून दमलेल्या शिष्यांना त्याने होडीच्या उजव्या बाजूला जाळं टाकायला सांगितलं आहे, आणि आता जाळं इतकं भरलं आहे की सगळ्यांनी मिळून ओढलं तरी हलेना. याहून मोठी सकाळ त्या माणसांच्या आयुष्यात उगवलेली नाही. आणि अशा सकाळी त्यांच्यापैकी कुणीतरी वाळूत फतकल मारून मासे मोजत बसलं. 'पुष्कळ' म्हणून भागलं असतं, 'दीडशेच्या आसपास' म्हटलं असतं तरी दोन हजार वर्षांत कुणी हरकत घेतली नसती. पण वरचे तीनसुद्धा सोडलेले नाहीत.

विद्वानांनी या आकड्याचा पिच्छा पुरवला आहे. संत जेरोमने सांगितलं, की त्या काळच्या जाणकारांच्या मते माशांच्या जातीच मुळी एवढ्या. म्हणजे त्या जाळ्यात सगळी मानवजात आली असं समजायचं. संत ऑगस्टीन गणिताच्या अंगाने गेला. एकपासून सतरापर्यंतचे आकडे मिळवत जा, बरोबर १५३ येतात. आणि सतरा म्हणजे दहा आज्ञा अधिक पवित्र आत्म्याची सात दानं. मी कागद-पेन्सिल घेऊन ती बेरीज करून पाहिली आहे. बरोबर येते. संतांच्या बेरजेवर संशय घ्यायचं मला काही कारण नाही, तरी मनातून वाटत राहतं की त्या सकाळी कुणाच्या डोक्यात दहाही नव्हते आणि सातही नव्हते. कोळी मासे मोजतो, कारण कोळी मासे मोजतोच. अर्नाळ्याला नाहीतर वर्सोव्याला होडी किनाऱ्याला लागली की आधी नजर मासळीवरून फिरते, मग माणसांवरून. समोर स्वर्ग उघडला म्हणून बोटांची जन्माची सवय कशी सुटेल? मला त्या अनामिक मोजणाऱ्याचा थोडा हेवाच वाटतो. आनंद एवढा अवाढव्य, की त्याला कुठून हात घालावा ते कळेना. तेव्हा बिचाऱ्याने त्याचा हाताशी आलेला कोपरा धरला आणि तो मोजत सुटला.

पेत्राला मात्र मोजायला सवड नव्हती. काठावर उभा आहे तो प्रभूच, हे होडीतल्या दुसऱ्या एकाने ओळखलं, आणि पेत्राने ते ऐकताक्षणी अंगावर झगा चढवून पाण्यात उडी टाकली. पुन्हा वाचून पाहावं असं हे वाक्य आहे. प्रवरेच्या डोहात डुंबायला निघालेली आमच्याकडची पोरं उडी मारण्याआधी सदरा काढून काठावरच्या दगडाखाली ठेवतात. याच्या अंगावर काही नव्हतं, तर याने चढवून उडी मारली! उघड्या अंगाने प्रभूसमोर कसं जायचं ही लाज एकीकडे, आणि होडी काठाला लागेपर्यंत थांबायचं कसं ही घाई दुसरीकडे; दोघी एकदम आल्या आणि दोघींचंही ऐकायचं ठरलं की माणसाच्या हातून असंच काहीतरी घडतं. बरं, काठ किती लांब होता? अवघा दोनशे हात. बाकीचे मागोमाग होडीतून जाळं ओढत आलेच. एवढ्या खटाटोपात पेत्राने कमावलं काय, तर फार तर चार-दोन मिनिटं आणि एक ओलाचिंब झगा. शिष्यपणाचं अंदाजपत्रक कुणी मांडायला घेतलं तर ही उडी निव्वळ खर्चाच्या बाजूला पडेल.

धर्मशास्त्राच्या पुस्तकांत शिष्यत्वावर प्रकरणंच्या प्रकरणं असतात. त्यात समर्पण असतं, आज्ञापालन असतं, वधस्तंभ उचलणं असतं, आणि ते सगळं खरंच आहे. पण मला कधी कुणी विचारलं की शिष्य कसा असतो, तर माझ्या डोळ्यांसमोर हा झग्यासकट पोहणारा मध्यमवयीन गृहस्थ येतो. त्याच्या दाढीतून पाणी गळत असतं आणि त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं की आपण होडीतून का नाही आलो.

काठावर पोचल्यावर पाहतात तो काय, कोळशांचा विस्तव पेटलेला आहे, त्यावर मासळी भाजते आहे आणि शेजारी भाकर आहे. जगाचा तारणारा न्याहारीच्या तयारीत आहे. पुनरुत्थानानंतरच्या एवढ्या थोड्या दिवसांत करण्यासारखी केवढी कामं पडली असतील! पिलाताच्या दारात जाऊन नुसतं उभं राहिलं असतं तरी यरुशलेम हादरलं असतं. त्याऐवजी तो गालीलात, रात्रपाळी करून आलेल्या सात उपाशी माणसांसाठी निखारे फुंकत बसला. आणि त्यातही एक गंमत अशी, की विस्तवावर मासळी आधीच असताना तो त्यांना म्हणतो, तुम्ही आत्ता धरलेल्यातलेही थोडे आणा. सुट्टीला घरी आलेल्या लेकीने पिशवीतून चार भेंड्या काढून दिल्या, की सगळा स्वयंपाक झालेला असतानाही आई पुन्हा कढई चढवते, त्यातलाच हा प्रकार. तुझंही पानात असू दे. आणि लगेच धावत जाऊन ते जाळं किनाऱ्यावर ओढून आणणारा कोण, तर पुन्हा पेत्रच. मघाशी सगळ्यांनी मिळून जे हललं नव्हतं, ते याने ओढलं. ओल्या झग्यानिशी.

मग खाणं झालं, आणि खाणं झाल्यावर पेत्रापुढे तो प्रश्न आला. योनाच्या मुला शिमोना, तू माझ्यावर प्रीती करतोस का? तेही ह्या सगळ्यांपेक्षा अधिक? 'ह्या सगळ्यां'मध्ये कोण कोण येतं, यावरही टीकाकारांचं एकमत नाही. इतर शिष्यांपेक्षा अधिक, असं बहुतेकांना वाटतं. पण काहींचं म्हणणं असं, की प्रभूने बोट दाखवलं ते शेजारच्या होडीकडे, जाळ्याकडे आणि त्या नुकत्याच मोजून ठेवलेल्या ढिगाकडे. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं. इतरांपेक्षा जास्त प्रेम करतोस का, असा स्पर्धा लावणारा प्रश्न सहा जणांसमोर विचारायचा त्याचा स्वभावच नव्हता. आणि कोळ्याला विचारायचं तर माशांच्या ढिगाशेजारीच विचारायला हवं. आयुष्यात एकदाच एवढी मासळी लागते.

आता हा प्रश्न मराठी माणसाला विचारून पाहा. आपल्याकडे प्रेमाबद्दल थेट विचारणं हे लाचेबद्दल थेट विचारण्याइतकंच अवघड असतं. आमच्या मंडळीत एका कौटुंबिक रविवारी नवीन आलेल्या तरुण पाळकसाहेबांनी, कुठल्याशा शिबिरात शिकून आल्याप्रमाणे, सगळ्या जोडप्यांना एकमेकांकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं आणि आपलं एकमेकांवर प्रेम असल्याचं मोठ्याने म्हणायला लावलं. बाकांमधून एक विचित्र खोकल्याची लाट उठली. माझे आजोबा, मिशन शाळेत उभी हयात मास्तरकी केलेले, आजीकडे वळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिच्याकडे असं बघत राहिले, जणू गणिताच्या पेपरात अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न आला आहे. मग खाली वाकून, आपल्या समजुतीप्रमाणे हळू पण चार बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "सकाळची गोळी घेतलीस का?" आजी म्हणाली, "घेतली." आणि दोघंही खाली बसले. प्रश्न सुटल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यांवर इतकं स्पष्ट होतं, की पाळकसाहेबांनी पुढचं गीत दिलं.

त्यामुळे प्रभूने पेत्राला हा प्रश्न उघड विचारला याचं मला कुतूहल आहे, आणि तोही न्याहारीनंतर विचारला याचं त्याहून अधिक. आधी पोटात काही गेलं, अंग वाळलं, मग विचारलं. विचारण्यासारखं आणखी कितीतरी होतं. पुढे ज्याच्या हाती सगळा कळप सोपवायचा त्याची थोडी चौकशी करायला नको? अनुभव काय, चिकाटी कितपत, मागच्या नेमणुकीत काय झालं? मागच्या नेमणुकीत तर फारच वाईट झालं होतं. फार दिवस झाले नव्हते, प्रमुख याजकाच्या अंगणात असाच कोळशांचा विस्तव होता, थंडी होती, आणि तिथे शेकत उभ्या असलेल्या याच पेत्राने मी त्या माणसाला ओळखतच नाही असं एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. योहान मोठा हुशार लेखक. कोळशांचा विस्तव तो एकदा त्या अंगणात पेटवतो आणि एकदा या किनाऱ्यावर, आणि मध्ये एक अक्षर बोलत नाही. निखाऱ्यांचा वास नाकात गेल्यावर पेत्राला काय आठवलं असेल ते आपलं आपण समजून घ्यायचं.

प्रभूने त्या रात्रीचा विषयच काढला नाही. आपल्याकडे वीस वर्षांपूर्वी लग्नात मानाचा नारळ द्यायचा राहिला तर तो पुढच्या पिढीच्या साखरपुड्यात निघतो. इथे त्या तिसऱ्या नकाराबरोबर आरवलेल्या कोंबड्याचंसुद्धा नाव नाही. फक्त एकच प्रश्न, तीनदा. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेत्राला वाईट वाटलं, असं योहान लिहितो. वाटणारच. पण जितक्यांदा नाकारलं होतं तितक्यांदा 'हो' म्हणायची संधी त्याला मिळत होती, आणि ही मोजणी प्रभूच्या मनात चालू होती. म्हणजे त्या सकाळी किनाऱ्यावर दोन जण मोजत होते. एकाचा आकडा १५३ झाला. दुसऱ्याचा तीनवर थांबला.

प्रत्येक 'हो'नंतर काम मात्र एकच सांगितलं गेलं: माझ्या मेंढरांना चार, त्यांना सांभाळ. प्रेम आहे ना, मग खायला घाल. इथे मला आजोबांची गोळी आठवते आणि बरं वाटतं. प्रभू आपल्याच बाजूचा निघाला.

ख्रिस्ताच्या मागे जाणाऱ्या मराठी माणसांची चरित्रं वाचताना मी नकळत हा न्याहारीचा धागा शोधत असते. पंडिता रमाबाईंचं घ्या. संस्कृत शास्त्रांत पारंगत झालेली, कलकत्त्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी मिळवलेली ही विदुषी. तिला युक्तिवादाने जिंकायचं म्हटलं तर जिंकणाऱ्यालाच घाम फुटला असता. इंग्लंडमध्ये वॉन्टेजच्या भगिनींकडे राहत असताना त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं गेलं. समाजाने ज्यांना टाकून दिलं होतं अशा बायकांना तिथल्या भगिनी प्रेमाने सांभाळत होत्या. रमाबाईंना हे नवीन होतं. 'पतित' म्हटलेल्या बाईशी कुणी असं वागतं, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तर म्हणून एका भगिनीने त्यांना ख्रिस्त आणि विहिरीवरची शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली. १८८३ साली रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे धर्ममतांवरून त्या वॉन्टेजच्या आपल्या हितचिंतकांशीही पत्रांतून कडाडून भांडल्या. ऐकून घेणं हा त्यांचा पिंडच नव्हता. पण विहिरीवरची ती गोष्ट त्यांनी सोडली नाही.

त्यांच्या आयुष्यातला दुष्काळ मात्र फार आधीचा. १८७० च्या दशकात मद्रासकडच्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई आणि थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. देवळांतून पुराणं सांगत पोट भरणारं ते कुटुंब होतं, आणि दुष्काळात पुराण ऐकायला कुणाच्या पोटात बळ होतं! उरलेले दोघं बहीण-भाऊ अनवाणी देशभर फिरले. जंगली फळं आणि पानं खाऊन दिवस काढणं म्हणजे काय, ते रमाबाईंना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्या उठून मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, विधवा घेऊन आल्या. ठेवायच्या कुठे? पुण्याजवळ केडगावला, आपल्या शारदा सदन या विधवांच्या शाळेला उत्पन्न व्हावं म्हणून, त्यांनी फळबागेसाठी जमीन घेऊन ठेवली होती. झाडं लावली होती फळांच्या आशेने. तिथे आल्या मुली. १९०० च्या दुष्काळानंतर त्या माळावर जवळजवळ दोन हजार जणींचं पान रोज मांडलं जात होतं. दोन हजार माणसांच्या रोजच्या भाकरीला किती पीठ लागतं, याचा हिशेब करायला मी एकदा बसले होते आणि निम्म्यातच उठले. अशा ठिकाणी धर्मशास्त्र पाणी शेंदण्यापासून सुरू होत असावं.

आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात ती बाई हिब्रू आणि ग्रीक शिकत होती! बायबल असं हवं की ते खेड्यातल्या, नुकत्याच अक्षरओळख झालेल्या बाईलाही वाचता यावं, म्हणून त्यांनी एकटीने अख्ख्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं. केडगावच्या त्या आश्रमाचं, 'मुक्ती'चं, छापखान्यातलं खिळे जुळवण्याचं कामही तिथल्या बायकांचंच. १९२२ च्या एप्रिलमध्ये काम हातावेगळं होतं न होतं तोच रमाबाई गेल्या. संस्कृतात ज्यांनी सभा जिंकल्या, त्यांना शेवटी सोपं मराठी लिहिण्यात पंधरा-वीस वर्षं घालवावीशी वाटली, हे मला दुष्काळातल्या अन्नछत्राइतकंच मोठं वाटतं. विद्वानाने सोपं लिहिणं म्हणजे झग्यासकट उडी मारणंच.

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट याहून वेडीवाकडी, म्हणून माझ्या अधिक जवळची. रमाबाई प्रश्न विचारून गेल्या. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागून गेल्या, आणि तेही भांडत. नारायण वामन टिळकांना आगगाडीच्या डब्यात एका साहेबाने नवा करार हातात ठेवला आणि वाचायचं वचन घेतलं. डोंगरावरच्या प्रवचनाशी आल्यावर या कवीला पुस्तक खाली ठेववेना. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बायकोला न विचारता. ज्या बापाच्या घरी मीठ-साखरसुद्धा धुऊन घेतल्याशिवाय आत येत नसे, अशा कडक सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईवर काय कोसळलं असेल, ते तिने 'स्मृतिचित्रे'त स्वतःच लिहून ठेवलं आहे. त्यात रडणं आहेच, पण वाचता वाचता माणूस हसतो आणि मग आपण कशाला हसलो याने दचकतो. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर ती नगरला नवऱ्याकडे राहायला आली ती आपलं सोवळं घेऊनच. एका छपराखाली ख्रिस्ती नवरा आणि सोवळ्यातली बायको असा संसार चालला. टिळकांनी घाई केली नाही, हा त्या उतावळ्या माणसाच्या आयुष्यातला मला मोठाच चमत्कार वाटतो. पुढे एक दिवस जातिभेदाचं ते ओझं तिचं तिनेच उतरवलं, आणि १९०० साली तिचाही बाप्तिस्मा झाला.

कडक समीक्षक म्हणतील, ही काय शिष्या? ही तर नवऱ्याच्या प्रेमाने गेली. म्हणोत बापडे. प्रेम कुठल्या दाराने आत येतं यावर पहारा बसवला तर आपल्यातले फार थोडे आत पोचतील. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच थांबलेलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याने घरी अक्षरं शिकवलेल्या या बाईने ते पुढे लिहायला घेतलं आणि टिळकांपेक्षा कितीतरी जास्त अध्याय लिहून काढले. ख्रिस्ताची कथा ओवीत सांगता सांगता ती कुठल्या ओळीला नवऱ्याशी बोलत होती आणि कुठल्या ओळीला प्रभूशी, हे तिचं तिलाही वेगळं काढता आलं नसतं, असा माझा अंदाज आहे.

आमच्याच जिल्ह्यात जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. खेड्यापाड्यांतल्या, अनेकदा निरक्षर बायकांना शिकवून त्यांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं, आणि १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सगळं छापून आलेलं आहे. मला त्यातली एकच गोष्ट आवडते, की खेड्यातल्या गरिबांसाठी आयुष्य वेचायचं, हे व्रत या दोघांनी आपल्या लग्नाच्या दिवशी घेतलं. इतर नवी जोडपी त्या दिवशी महाबळेश्वरच्या गाडीची वेळ बघत असतात.

आता आम्ही, म्हणजे रविवारी बाकांवर बसणारे. आमचं प्रेम रजिस्टरात असतं. शब्बाथ शाळेत होतो तेव्हा हजेरीला चांदण्या मिळत. वर्षाअखेर ज्याच्या कार्डावर आकाशगंगा त्याला बक्षीस. मोठेपणी चांदण्यांच्या जागी दशांशाच्या पावत्या आल्या. वार्षिक अहवालात सभासद किती, बाप्तिस्मे किती, वर्गणी किती हे सगळं येतं, आणि पंचकमिटी ते इतक्या गंभीरपणे वाचते की १५३ मासे मोजणारा तो गडी आमच्यातलाच कुणाचा तरी पूर्वज असावा. मी याला नावं ठेवत नाही. कुणीतरी मोजायला हवंच, नाहीतर छपराला पत्रे कधी बसणार? पण सुगीच्या उपासनेला मात्र या मोजदादीची फटफजिती होते, आणि ती पाहायला मी मुद्दाम पुढच्या बाकावर बसते. शेतातलं पहिलं पीक लोक वेदीपाशी आणून ठेवतात: ज्वारीची कणसं, ऊस, डाळिंबं, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासनेनंतर बाहेर त्यांचा लिलाव होतो. एका वर्षी एक दुधी भोपळा निघाला. एकाने शंभराला घेतला आणि लगेच देवाला परत दिला. दुसऱ्याने दीडशेला घेतला, त्यानेही दिला. तिसऱ्या एका म्हातारीने पदराची गाठ सोडून साठ रुपयांत घेतला. तिच्यावर कुणी बोली लावली नाही, आणि तिनेही तो परत टेबलावर ठेवला. खजिनदार घामाघूम झाले. तीन पावत्या, एक दुधी, आणि तो दुधीही शिल्लक! ऑडिटरला काय सांगायचं? शेवटी तो भोपळा त्यांनी स्वतःच उचलला आणि प्रीतिभोजनाच्या भाजीत नेऊन टाकला. वहीत त्याची नोंद कुठल्या खात्यावर झाली, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

पेत्राबद्दल एक सांगायचं राहिलंच. तीनदा विचारून झालं, तीनदा सांगून झालं, म्हातारपणी तुला कुणीतरी नको तिथे नेईल हेही प्रभूने त्याला सांगून टाकलं, आणि मग म्हणाला, ये माझ्यामागे. एवढं गंभीर आमंत्रण मिळाल्यावर हा काय करतो? मागे वळून बघतो. मागून योहान येत असतो. आणि पेत्र विचारतो, याचं काय? निखारे अजून विझलेले नाहीत, झगा अजून दमट आहे, आणि याला पंचाईत दुसऱ्याची! प्रभूने त्याला जे उत्तर दिलं त्याचा भावार्थ एवढाच, की त्याचं मी बघून घेईन, तुला त्याचं काय, तू चल.

यंदाच्या प्रीतिभोजनाला आम्ही आठ-दहा जणी सकाळपासून चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून होतो. दोन चुली पेटल्या होत्या, एकीवर मोठं पातेलं. माझ्या शेजारी नव्यानेच लग्न होऊन आलेली एक मुलगी कांदा चिरत होती, डोळ्यांतून धारा. तेवढ्यात इस्त्रीच्या साडीतल्या एक बाई अंगणातून हसत हात हलवून आत मांडवात गेल्या. मुलीने नाक पुसलं आणि मंडळीतल्या सगळ्यांत थोरल्या मावशींकडे वळून म्हणाली, "मावशी, ह्या बघा. वाढायला सगळ्यांच्या पुढे. पण कांदा चिरायला कधी दिसल्यात का तुम्हाला?"

मावशींनी वर मानसुद्धा केली नाही. पायाने वांग्यांची पाटी तिच्यापुढे सरकवली. "तुला काय करायचंय गं तिचं? कांदा ठेव तो. ही वांगी घे, देठं काढ. आणि चिरली की लगेच मिठाच्या पाण्यात टाक, नाहीतर काळी पडतील."